मोटरसायकलचा खांदा

गाडी दुकानासमोर येऊन थांबली की मी मालकाकडे नंतर पाहतो. आधी वाकतो आणि पुढच्या डिस्कजवळ हात नेतो. नेतो म्हणतोय, लावतो नाही. लावायची चूक एकदाच केली, तिची खूण डाव्या तळहातावर अजून आहे. चांगली गाडी दहा किलोमीटर चालून आली तर डिस्क कोमट असते. ती तव्यासारखी तापलेली असली तर समजायचं की कॅलिपर जाम आहे आणि मालक आता म्हणणार आहे, "मिस्त्री, इंजिनात काही तरी झालं बाप्पा, गाडी ओढूनच नाही राह्यली." इंजिनाला धाड भरलेली नसते. बिचारं इंजिन पुढे ओढत असतं आणि ब्रेक मागे. आमच्या बाभुळगावात असे संसारही पुष्कळ आहेत, पण त्यांच्यासाठी कोणी दुकान उघडलेलं नाही.

मी रफिक. बसस्टँडच्या पुढे चहाच्या टपरीला लागून जे दुकान आहे ते माझं. साठी उलटली, गुडघे बोलायला लागले, म्हणून आता मोठी कामं घेत नाही. ब्रेक मात्र मीच करतो. इंजिन बंद पडलं तर माणूस रस्त्यात उभा राहतो, ब्रेक बिघडला तर आडवा होतो. ज्या मास्तरांनी मला या अंकात लिहायला लावलं ते म्हणाले, "रफिकभाई, बोलता तसंच लिहा." मी म्हटलं, मास्तर, गिऱ्हाईकांशी बोलतो तसं लिहिलं तर अंक जप्त होईल. म्हणून जरा शाळेतल्या मराठीत लिहितोय. मध्ये पाय घसरला तर सांभाळून घ्या.

ज्यांना गाडी फक्त सेल्फ मारण्यापुरती माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुढच्या चाकासोबत एक लोखंडी चकती फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी पकडणारा जो ठोकळा चाकाच्या एका अंगाला बसवलेला असतो, ते कॅलिपर. सांडशीनं गरम भगोनं धरतो ना, तसं काम. हँडलवरचा ब्रेक दाबला की नळीतून ब्रेकचं तेल धावतं, कॅलिपरमधला पिस्टन सरकतो, दोन पॅड डिस्कला आवळतात आणि गाडी थांबते. ब्रेक सोडला की सगळ्यांनी आपापल्या जागी परत जायचं. इथेच गोम आहे. नव्या गाडीत सगळे परत जातात. जुन्या गाडीत पाणी शिरतं, धूळ बसते, ज्या दोन पिनांवर कॅलिपर मागेपुढे सरकतं त्या सुकतात, पिस्टनभोवतीचं रबर फुगतं, आणि पॅड डिस्कला धरून बसतात ते बसतातच.

इलाज अवघड नाही, वेळखाऊ आहे. कॅलिपर सोडवायचं, पॅड काढायचे, ब्रेक हळूहळू दाबून पिस्टन बाहेर आणायचा. इथे घाई केली तर पिस्टन टुणकन उडतो आणि ब्रेकचं तेल तोंडावर येतं. मग पिस्टन घासायचा, रबरं नवी टाकायची, पिना साफ करून त्यांचं ग्रीस लावायचं, ताजं तेल भरायचं आणि नळीतली हवा काढायची. शेवटी चाक उचलून बोटानं फिरवायचं. ते चार-पाच चकरा मारून आपोआप थांबलं की आपलं काम झालं.

गाडी बिघडवायला लोकांची अक्कल किती चालते हे मी तुम्हाला सांगूनही खरं वाटणार नाही. एका गुरुजींच्या डिस्कमधून चिरचिर आवाज येत होता. त्यांनी शिलाई मशिनचं तेल आणून डिस्कला दोन्ही बाजूंनी छान लावलं. आवाज बंद झाला, ब्रेकही बंद झाला. गुरुजी शाळेच्या फाटकातून शिरले ते प्रार्थनेच्या रांगा पार करून झेंड्याच्या ओट्यावरच थांबले. पोरं चपळ म्हणून वाचली. मुकुटबनकडच्या एका जावईबुवांनी ब्रेकचं तेल कमी झालं म्हणून घरातलं सरकीचं तेल भरलं. मी विचारलं, "काहून?" तर म्हणे, "डब्बीवर तेलच लिहून होतं ना." अशा लोकांवर मी ओरडतो. माझा आवाज मोठा आहे आणि टपरीवर बसलेल्यांना तो आवडतो. पण ज्या माणसावर मी सगळ्यात जास्त ओरडलो, त्याची गोष्ट सांगायला मला आजही जरा जड जातं.

गुलाबराव म्हणजे गुलाबकाका. बाभुळगावपासून सात-आठ किलोमीटर आत त्यांचं गाव. कापूस, सोयाबीन, तूर असं खाऊन-पिऊन सुखी घर. त्यांची गाडी काळी, दीडशे सीसीची, आमच्याकडे पुढे डिस्कवाल्या गाड्या नव्यानव्या आल्या तेव्हाची. काकांनी तिला जिवापाड सांभाळलेलं. त्यांचे गुडघे माझ्याहून वाईट आणि वावर घरापासून तीन किलोमीटर. गुडघ्यांपायीच त्यांनी बैलजोडी विकली, मशागतीला भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला, आणि वावरात जायला उरली ही गाडी. रोज सकाळी मागे काकूंना बसवून जायचं, कपाशीच्या चार ओळी फिरायच्या, बांधावर बसून भाकर खायची आणि परत यायचं. मुलगा प्रशांत पुण्यात नोकरीला. तो म्हणायचा, "बाबा, कायले जाता? तिथी कोन वाट पाह्यते तुमची?" काका म्हणायचे, "कपाशी पाह्यते."

बैल विकले त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत काकांची गाडी ब्रेक जाम होऊन पहिल्यांदा आली. डिस्क तापलेली, कॅलिपर घट्ट. मी खोललं, पेट्रोलच्या ट्रेमध्ये टाकून खसखसा धुतलं, ग्रीस लावलं, बसवलं. म्हटलं, "पावसाळ्याचा चिखल काका, होते असं." पुढच्या वर्षी पुन्हा गणपतीतच आली. या वेळी मी सगळी रबरं बदलली आणि तेलाला शिव्या घातल्या. तिसऱ्या वर्षी गाडी पुन्हा दारात. आता माझ्या डोक्यात तिडीक गेली. यवतमाळहून दुसरं कॅलिपर आणून आख्खं बदललं आणि टपरीवरच्या सगळ्या लोकांसमोर काकांवर ओरडलो, "काका, तुमचा हातच ब्रेकवरून निघत नाही! ब्रेक धरून गाडी चालवता तुमी, मंग जाम नाही होईन तं काय होईन?"

काकांनी खांद्यावरचा दुपट्टा नीट केला आणि ते गेले. तेव्हापासून ते पुढच्या ब्रेकला भीत-भीत बोट लावायचे, हे मला नंतर काकूंनी सांगितलं.

आणि नवं कॅलिपर बसवून वर्ष व्हायच्या आत, पोळ्यानंतर दहाव्या दिवशी, ते दोघं पडले. वावराच्या वळणावर चिखल होता, काकांनी पुढचा ब्रेक जरासा दाबला, तो सुटलाच नाही. गाडी आडवी, काका बांधावर आणि काकू शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये. काकूंचं मनगट सुजलं. बाकी नशीब चांगलं. काकू पडल्या-पडल्या पहिलं वाक्य बोलल्या ते म्हणे, "डब्बा सांडला काय पाहा."

तिसऱ्या दिवशी प्रशांत पुण्याहून आला आणि गाडी टेम्पोत टाकून थेट माझ्या दुकानात. काका सोबत होते. टपरी भरलेली होती, ती नेहमीच भरलेली असते.

"मिस्त्री," प्रशांत म्हणाला, "हे चौथं वर्स. दरवर्सी हाच ब्रेक, दरवर्सी तुमीच. आता सांगून ठेवतो. अजून एक डाव जाम झाला का गाडी भंगारात, अन् बाबा घरी. मंग वावर ठेक्यानं देऊन टाकतो."

मी काकांकडे पाहिलं. ते गाडीच्या टाकीवरचा चिखल दुपट्ट्यानं पुसत होते. मुलगा बरोबर बोलतोय हे त्यांना कळत होतं. त्यांचं पूर्ण वावर त्या एका ब्रेकवर टांगलेलं होतं.

मला बोलायची घाई फार. मी उठलो आणि दुकानाच्या पाटीकडे बोट केलं. "आता जाम झालं तं हे पाटी उतरवतो. रफिक ब्रेकले हात लावनार नाही पुन्हा. अन् महिन्याले एक डाव मी स्वतः घरी येऊन ब्रेक पाहून जाईन." टपरीवर कोणी तरी "वा!" म्हणालं. त्या माणसाला मी अजून शोधतोय.

ते लोक गेले आणि मी कॅलिपर खोललं. आता माझी एक खोड सांगतो, चाळीस वर्षांची. मी आधी धुतो, मग पाहतो. घाण पाहायला मला आवडत नाही. त्या दिवशी मात्र ट्रेमधलं पेट्रोल संपलं होतं, आणि राग इतका होता की आणायलाही गेलो नाही. कोरडंच उघडलं. पिनांवर, पॅडच्या मागे, रबराच्या कडेला एक पिवळट-काळा थर होता, वाळून पोपडा झालेला. मागच्या वर्षांतही तो असणार, पण मी त्याला पेट्रोलमध्ये बुडवून मोकळा झालो होतो. नखानं खरवडला. बोटात चोळला. नाकाशी नेला.

तुपाचा वास!

मला वाटलं, वय झालं. घरी गेलो, साबणानं हात धुतले, जेवायला बसलो. माझी बायको नसीमा वाढता-वाढता थांबली. माझा हात ओढून हुंगला. "सच बोलो, किसकी दावत खा के आए?"

"अगं, ब्रेक खोलला होता."

"ब्रेक को असली घी की ख़ुशबू? मैं यहाँ दाल पका के बैठी, और तुम वहाँ बिर्यानी उड़ा रहे."

तिला ते आजही पटलेलं नाही. पण मला एक कळलं, की माझं नाक शाबूत आहे. दुसऱ्या दिवशी काकांना फोन लावला. "काका, खरं सांगा, ब्रेकले तूप लावता काय?"

काका चिडले. मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदा ऐकलं. "मिस्त्री, मी येडा हाये काय? ब्रेकले तूप कोन लावन? तू मले आता काहीही बोलून राह्यला!"

माणूस खोटं बोलणाऱ्यातला नाही. मग तूप आलं कुठून? विचार करून मी शोध लावला की काकू पोरीकडे यवतमाळला जाताना तुपाचा डबा घेऊन गाडीवर बसतात, तो गळतो आणि वाऱ्यानं तूप ब्रेकवर जातं. मागे बसलेल्या बाईच्या मांडीवरचं तूप पुढच्या चाकावर कसं जाईल, हे मी स्वतःला विचारलं नाही. गाडीवरून तूप न्यायला बंदी घातली. बिचाऱ्या काकू वर्षभर तूप एसटीनं नेत होत्या. एकदा पोत्यांच्या धक्क्यानं डबा उलटला आणि कंडक्टरचे बूट चोपडे झाले, तोही माझ्याच खात्यावर.

शब्द दिला होता म्हणून मी महिन्याच्या महिन्याला काकांच्या घरी जायचो. चाक उचलायचं, बोटानं फिरवायचं, पिना पाहायच्या. सगळं छान. आखाड गेला, श्रावण लागला, चाक भिंगरीसारखं फिरत होतं. श्रावण संपत आला तसा माझी नजर पाटीकडे जायला लागली. पाटी रोज पुसायचो. म्हटलं, उतरवावी लागलीच तर स्वच्छ तरी असावी.

त्या महिन्याची फेरी पोळ्याच्या आदल्या दिवशी आली. दिवस कलता-कलता पोहोचलो. आमच्याकडे त्या सांजेला बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा कठीण होतो, म्हणून हळद-लोणी कोमट करून पळसाच्या पानानं त्याच्या खांद्याला चोळायचं आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. मी मुसलमान असलो तरी लहानपणापासून पाहत आलोय, माझ्या अब्बांच्या दोस्तांच्या गोठ्यांत हे पान मी स्वतः धरलेलं आहे. पण काकांकडे आता बैल कुठे होते? मी फाटक उघडून आत गेलो आणि जागच्या जागी थांबलो.

अंगणात गाडी उभी होती. धुऊन चकाचक. हँडलच्या दोन्ही टोकांना लोकरीचे गोंडे, आरशांना बेगड, सीटवर बैलाची जुनी झूल. काकू ताट घेऊन उभ्या. आणि काका, गुडघ्यांचं दुखणं विसरून, पुढच्या चाकाशी मांडी घालून बसलेले. हातात पळसाचं पान. पानावर हळद-लोण्याचा गोळा. ते बोटानं तो गोळा कॅलिपरच्या फटीत आतपर्यंत दाबत होते, पिनांवर, पॅडच्या मागे, अगदी मायेनं, आणि म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"काका!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या गोठ्यातले खरे बैल उठून उभे राहिले. "हे काय करून राह्यले?"

काका दचकले. "खांदा शेकून राह्यलो, काय करून राह्यलो!"

"मी तुमाले विचारलं होतं ना, ब्रेकले तूप लावता काय म्हणून?"

"हे तूप हाये काय? लोनी हाये! अन् ब्रेकले कोन लावून राह्यलं? खांद्याले लावून राह्यलो."

मी डोक्याला हात लावला. लोणीच होतं ते. डिस्क तापून-तापून आतल्या आत त्याचं तूप कढत होतं.

"पन इथी काहून काका? हा खांदा हाये काय?"

"तूच तं सांगतलं होतं," काका म्हणाले. "बैल इकले त्या सालात पोळ्याच्या आधी मी तुले दुकानात विचारलं, मिस्त्री, गाडीवर साऱ्यात जास्त जोर कोठी येते? तू म्हनला, ब्रेक मारला का सारा जोर या कॅलिपरवर. बैलाचा जोर खांद्यावर येते. मंग गाडीचा खांदा हाच नाही काय?"

विचारलं होतं त्यांनी, मला आठवलं. तोंडात स्क्रू धरून मी काही तरी उत्तर फेकलं होतं. चार पोळे त्या माणसानं माझ्या शब्दावर लोणी घातलं आणि तीन वर्षं मी ते पेट्रोलनं धुऊन वर त्यालाच शिव्या दिल्या.

मी खाली बसलो आणि सांगितलं. लोणी आत गेलं की रबर फुगतं. हळद आणि धूळ मिळून पोपडा होतो. पिना अडकतात. चाक सुटत नाही. काका ऐकत होते, हातातलं पान तसंच. मग हळूच म्हणाले, "म्हंजे इले मीच पाडलं?" आणि काकूंच्या मनगटाकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

मला माझी लाज वाटली. खोललेली वस्तू न पाहता धुणारा मिस्त्री मी, आणि डोळे त्या माणसाचे भरले. मी म्हटलं, "तुमी नाही काका. मी पाडलं. पहिल्याच वर्सी नीट पाह्यलं असतं तं तेव्हाच कळलं असतं." हे वाक्य मी टपरीवर कधी बोललो नसतो.

कोंडी फोडली ती काकूंनी. ताट ओट्यावर आपटून म्हणाल्या, "मी चार वर्सापासून सांगून राह्यलो का नाही? हा खुराजवळ कोनाचा खांदा असते? पायाले लोनी चोपडते म्हातारा, अन् म्हनते खांदा शेकला!"

काकांचा चेहरा पुन्हा पडला, पण वेगळ्याच कारणानं. "म्हंजे चार वर्सं याचा खांदा शेकलाच नाही आपन?"

"नाही शेकला," काकू म्हणाल्या.

"चार वर्सं तसाच वाह्यला त्यानं?"

आणि मग दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. काकांनी विचारलं, "मिस्त्री, मंग याचा खांदा हाये कोठी?"

मी हजारो गाड्या खोलल्यात. कंपनीच्या पुस्तकात प्रत्येक बोल्टाचं नाव आहे, खांद्याचं पान नाही. "गाडीले खांदा नसते काका," हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण सीटवरची ती झूल पाहिली आणि ते गिळलं. मी उठलो, गाडीभोवती एक चक्कर मारली, मोठ्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टर मारतो तशी, आणि हिशेबानं बोलत गेलो. "हे पाहा. लाइट म्हंजे तोंड. हँडल म्हंजे शिंगं. शिंगाच्या मागं मान. मानेच्या मागं काय येते?"

"खांदा," काका म्हणाले.

मी टाकीवर हात ठेवला. "हा."

काकांनी टाकीवर तळहात फिरवला. "बरोबर हाये," ते शेवटी म्हणाले. "मांडी लागते इथी. गरम बी होते उन्हात."

मी माझ्या गाडीच्या डिक्कीतून बोल्ट खोलायचे पाने काढले आणि त्याच अंगणात कॅलिपर खोलून सगळं लोणी पुसून काढलं. पिना साफ, ग्रीस नवं, चाक उचलून फिरवलं, ते फिरत राहिलं. मग काकूंनी दुसरं पान आणलं आणि काकांच्या हातात न देता माझ्या हातात दिलं. "रफिकभाऊ, तुमीच लावा. याचा काही भरवसा नाही." मी जन्मभर गाडीला ग्रीस लावलं, ऑइल लावलं, पण लोणी त्या दिवशी पहिल्यांदा. थंड लावत होतो तर काकांनी हात धरला. म्हणाले, कोमट कर, थंड लोण्यानं खांदा आखडते. मी मुकाट्यानं चुलीशी जाऊन कोमट करून आणलं. आवतन काकांनी दिलं. काकू मला म्हणाल्या, "तुमी बी या उद्या. पुरनपोळी हाये."

गेलो. सोबत नसीमाला नेलं, नाही तर तिनं पुन्हा हात हुंगले असते. गावाच्या तोरणाखाली बैलांच्या रांगेत सगळ्यात शेवटी काका गाडी हातानं ढकलत आले, बैल बुजू नयेत म्हणून इंजिन बंद ठेवून. काही पोट्टे हसले. काकांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. चाक असं हलकं चाललं होतं की त्यांना ढकलावंच लागत नव्हतं. गणपती बसले, उठले, दसरा झाला. गाडी माझ्या दुकानात आली नाही. पाटी जागेवर राहिली आणि काका वावरात.

पण काकांनी गावभर काय सांगितलं ऐका. ब्रेक रफिक मिस्त्रीनं दुरुस्त केला, असं? नाही. "खांदा चुकीच्या जागी शेकत होतो, म्हणून जाम होत होता. बरोबर जागी शेकला, सुटला." चाळीस वर्षांची कारागिरी एका वाक्यात गेली. मी पिना साफ केल्या, रबरं बदलली, आणि श्रेय टाकीला! पुढच्या पोळ्याला त्याचा परिणाम दिसला. आदल्या दिवशी सकाळपासून दुकानासमोर गाड्यांची रांग. कोणाचं काही बिघडलेलं नाही. "मिस्त्री, मायी गाडी नवीन मॉडेल हाये, इचा खांदा कोठी येते?" आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाई स्कुटी घेऊन आल्या. "भाऊ, हिला टाकी सीटखाली आहे. मग हिचा खांदा सीटखाली का?" मी मान हलवत, चकरा मारत, गंभीर चेहऱ्यानं प्रत्येक गाडीचा खांदा दाखवत होतो. सगळ्यांचा खांदा चाकांपासून लांब निघाला, याला माझा इलाज नाही. संध्याकाळपर्यंत मी थकलो आणि सुखावलोही, खोटं कशाला बोलू.

शटर ओढणार तोच फोन वाजला. प्रशांत, पुण्याहून. म्हटलं, झालं, जाम झालं.

"चाचा," तो म्हणाला, "बाबा बरे हायेत. गाडी बी चांगली हाये." मागे कोणाचं तरी लहान पोरगं ओरडत होतं. "बाबानं म्हनलं, तुमालेच विचार. इथी बैल तं नाही चाचा. माझ्यापाशी कार हाये. कारचा खांदा कोठी असते?"

हाच तो, ज्यानं भर टपरीवर गाडी भंगारात घालतो म्हटलं होतं. चार शब्द ऐकवायची फार इच्छा झाली. जीभ उचललीही होती. पण त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता, म्हणून सोडून दिलं.

"मी मोटरसायकलचा मिस्त्री," मी म्हटलं. "पन कारची मान म्हंजे बॉनेट. बॉनेट संपून काच लागते ना, तिथी मधात लाव. चाकाकडे जाऊच नको."

"हाव. अन् चाचा, लोनी पाकिटातलं हाये, फ्रिजमधलं. चालन ना?"

"मिठाचं हाये काय पाह्य आधी."

पाकिटाचा कागद वाजला. "मिठाचंच हाये."

"मंग नको. मिठानं गंज चढते. दुधावरची साय घे, हळद टाक, अन् कोमट कर बाप्पा, थंड नको लावू. वर्सभर तुमाले ओढते ते बी."